नॅशनल परमिट आणि ट्रकचे दरवर्षीचे कागद: गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

महाराष्ट्रात नोंदलेली मालवाहू गाडी परराज्यात चालवायची, तर दरवर्षी काय काय भरावं लागतं, कोणता कागद कधी संपतो आणि तो संपल्यावर काय होतं, हे प्रश्न आमच्याकडे रोज येतात. आमचं घर सांगलीचं आणि धंदा गाड्यांचा. हळद, बेदाणा, द्राक्षं, गूळ, जसा हंगाम तसं भाडं. मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांकडे कागदांसाठी वेगळी माणसं असतात. हे पान एक, दोन, फार तर चार गाड्या असलेल्या मालकांसाठी आहे. त्यांचा एक कागद चुकला तरी घराचं गणित कोलमडतं.

परमिट पाच वर्षांचं आहे. मग दरवर्षी पैसे कशाचे भरायचे?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाडीला दोन वेगळे कागद लागतात. पहिला मूळ परवाना. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ८१ प्रमाणे तो पाच वर्षांचा असतो. दुसरा त्या परवान्यावर मिळणारं नॅशनल परमिटचं ऑथोरायझेशन. हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नमुना ४७. गाडीला परराज्यात चालायचा अधिकार हा कागद देतो आणि तो एका वेळी एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा मिळत नाही. बोलताना आपण दोन्हींना ‘एनपी’च (नॅशनल परमिट) म्हणतो, आणि मग परवान्यावरची पाच वर्षांची तारीख बघून माणूस निवांत बसतो.

आमच्याकडेही हेच झालं. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तासगावची द्राक्षं भरून गाडी इंदूरला निघाली होती. हाडाखेड ओलांडून ती मध्य प्रदेशात शिरली आणि बिजासन घाटानंतर थांबवली गेली. रात्री सव्वादोनला ड्रायव्हरचा फोन आला, “शेठ, ऑथोरायझेशन परवाच संपलंय म्हणतायत.” आमचे कागद बघणाऱ्या माणसाने पाच वर्षांची तारीख वहीत लिहून ठेवली होती. रात्रीच ऑनलाइन पैसे भरले, ते खात्यातून गेले, पण पावती काही निघेना. सकाळी बँक उघडल्यावर व्यवहार जुळला आणि दुपारी गाडी हलली. तोवर खालच्या थरातल्या पेट्यांमधून रस गळायला लागला होता. व्यापाऱ्याने भाव तोडला आणि तो फरक आम्ही भरून दिला.

तेव्हा आज, आत्ता, आपल्या गाडीचा नमुना ४७ काढा आणि त्यावर ‘वैध’ या शब्दापुढे कोणती तारीख आहे ती बघा.

एकूण किती पैसे लागतात?

देशभर चालण्याची एकत्रित फी वर्षाला १६,५०० रुपये आणि आपल्या राज्याची ऑथोरायझेशन फी १,००० रुपये, असे गाडीमागे १७,५०० रुपये. दहा चाकी असो की चौदा चाकी, एकत्रित फी तीच. मूळ परवान्याची फी यात धरलेली नाही, ती वेगळी.

ही पद्धत मे २०१० पासूनची. त्याआधी ज्या ज्या राज्यांत जायचं त्यांच्या नावे वेगवेगळे डिमांड ड्राफ्ट काढावे लागत आणि परवान्यावर तेवढ्याच राज्यांची नावं येत. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू घेतलं आणि भाडं ओडिशाचं आलं, की ते सोडून द्यावं लागे. जुन्या मालकांना ते ड्राफ्ट आणि बँकेतल्या रांगा चांगल्या आठवतात. आता एकदा पैसे भरले की केंद्राकडून ते राज्यांना वाटले जातात. सुरुवातीला ही फी १५,००० होती, २०१२ मध्ये ती १६,५०० झाली.

वर्ष एप्रिल ते मार्च धरतात का?

नाही. ज्या तारखेपासून ऑथोरायझेशन मिळालं, तिथून वर्ष मोजतात. ३१ मार्चशी त्याचा काही संबंध नाही. तीन गाड्या असतील, तर तीन वेगळ्या तारखा.

नूतनीकरण कसं करायचं? आरटीओत जावं लागतं का?

ऑथोरायझेशनसाठी बहुतेक वेळा जावं लागत नाही. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे आकडे टाकून अर्ज होतो, पैसे ऑनलाइन भरले की कागद छापता येतो. पोर्टल मात्र आधी बाकीचे कागद तपासतं. विमा संपलेला असेल, पासिंग (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला) संपलेलं असेल किंवा कर थकलेला असेल, तर अर्ज तिथेच अडतो. म्हणून शेवटच्या रात्री बसू नका. किमान पंधरा दिवस आधी एकदा उघडून बघा, म्हणजे कुठे अडतंय ते कळेल.

गाडीच्या नोंदीवर मोबाइल नंबर कुणाचा आहे, हेही बघून घ्या. कित्येक गाड्यांवर अजून विकणाऱ्या शोरूममधल्या पोराचा किंवा जुन्या एजंटचा नंबर असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो आणि आपण त्याला शोधत फिरतो.

पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. पोर्टलवर अडकलेला व्यवहार पडताळण्याची सोय आहे, आधी ती वापरा.

पाच वर्षांच्या मूळ परवान्याचं नूतनीकरण हे वेगळं काम. त्याचा अर्ज मुदत संपायच्या किमान पंधरा दिवस आधी द्यावा, असं कायदाच सांगतो.

ऑथोरायझेशनशिवाय दरवर्षी आणखी काय लागतं?

पासिंग, म्हणजे फिटनेस. नव्या गाडीला पहिली दोन वर्षं ते असतंच. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी. नोव्हेंबर २०१८ च्या दुरुस्तीपासून असं आहे. गाडी आठ वर्षांची झाली की मालकाला ‘दोन वर्षांनी पासिंग’ याची सवय झालेली असते आणि तिथेच तो चुकतो. मुदत संपल्यावर रोज ५० रुपये जादा फी केंद्रीय नियमांत आहे. दोन महिने गाडी तशीच राहिली तर तीन हजार, आणि रस्त्यावर सापडली तर दंड वेगळा.

पासिंगला गाडी न्यायच्या आदल्या दिवशी तिच्याभोवती एक चक्कर मारा. मागचे दिवे, इंडिकेटर, वायपर, आरसे, परावर्तक पट्ट्या, मागचं आणि बाजूचं गार्ड. गाडी १ ऑक्टोबर २०१५ नंतरची असेल तर ८० किलोमीटरला बांधलेला वेगनियंत्रक, तोही चालू आणि त्याचा कागद हातात हवा. परावर्तक पट्टी चिखलाने भरलेली असेल तर ओल्या फडक्याने पुसा. पट्टी नवी असूनही दिसत नाही म्हणून गाडी परत आलेली मी पाहिली आहे. जिथे स्वयंचलित तपासणी केंद्रं सुरू झाली आहेत तिथे ब्रेक, धूर, दिवे हे सगळं यंत्र मोजतं. तिथे ओळख किंवा विनवणी चालत नाही, आणि माझ्या मते ते चांगलं आहे. ब्रेक धरत नसलेली पंचवीस टनी गाडी घाट उतरते तेव्हा ती फक्त मालकाची बाब उरत नाही.

विमा दरवर्षी. निदान थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, तरी सक्तीचाच. त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवून देतं. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात भारासकट १२ ते २० टन वजनाच्या गाडीला ३५,३१३ रुपये आणि २० ते ४० टनांच्या गाडीला ४३,९५० रुपये आहेत, कर वेगळा. त्यामुळे ‘थर्ड पार्टी निम्म्यात करून देतो’ असं कुणी म्हणालं, तर ती पॉलिसी खोटी असण्याचीच शक्यता जास्त. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर पॉलिसी नंबर टाकून खात्री करा.

पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र. बीएस-४ आणि बीएस-६ (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी निकष) गाड्यांना वर्षाचं, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांचं.

रस्ता कर राज्याचा, तो गाडीच्या वजनावर असतो. आठ वर्षं झालेल्या मालवाहू गाड्यांना महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे. परवानाधारकाला व्यवसाय कर असतो, तो एका व्यक्तीला वर्षाला २,५०० रुपयांच्या वर जात नाही.

शिवाय नॅशनल परमिटच्या गाडीला काचेवर फास्टॅग आणि गाडीत चालू स्थितीतलं ट्रॅकिंग यंत्र हवं. यंत्राच्या सिमचं वार्षिक रिचार्ज लोक विसरतात. यंत्र जागेवर असतं, पण ते काहीच पाठवत नसतं.

या सगळ्या तारखा लक्षात कशा ठेवायच्या?

आमच्याकडे केबिनमध्ये देवाच्या फोटोखाली एक पुठ्ठा लावलेला असतो. त्यावर जाड पेनाने पाच ओळी: एनपी, पासिंग, विमा, पीयूसी, टॅक्स, आणि प्रत्येकापुढे तारीख. ड्रायव्हरला तो रोज दिसतो. आमच्या एका ड्रायव्हरने ओडिशातून फोन करून पासिंगची आठवण करून दिली होती. मोबाइलमधली आठवण मालकापुरती राहते, पुठ्ठा दोघांना दिसतो.

ऑथोरायझेशन संपलेलं असताना अपघात झाला तर विमा मिळतो का?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. खरं तर तो पहिला विचारायला हवा.

परवान्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका ट्रकच्याच खटल्यात म्हटलं. विमा कंपनीने आधी जखमीला किंवा मृताच्या वारसांना भरपाई द्यायची आणि मग ती सगळी रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची, असा तो निकाल. आपल्या धंद्यात याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. ज्यांचं नुकसान झालं त्यांना पैसे मिळतात, मिळालेच पाहिजेत. पण ती रक्कम पुढे मालकाच्या दारात येते, आणि मोठ्या अपघातात ती काही लाखांत असते. एका गाडीच्या मालकाची शेती किंवा घर त्यात जातं.

आता मूळ परवाना चालू आहे, फक्त वर्षाचं ऑथोरायझेशन संपलंय, तर? गाडी त्या वेळी आपल्याच राज्यात होती की बाहेर, यावर बरंच अवलंबून राहतं. ऑथोरायझेशन परराज्यासाठीच असतं, त्यामुळे बाहेर झालेल्या अपघातात विमा कंपनी हा मुद्दा काढणारच. वकील लावून वर्षानुवर्षं भांडता येईल. पण ते भांडण १७,५०० रुपये दोन दिवस उशिरा भरल्यामुळे उभं राहिलेलं असेल.

पकडलं तर दंड किती?

परवान्याशिवाय चालवल्यास कलम १९२-अ खाली १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. विम्याशिवाय पहिल्या वेळी २,००० आणि दुसऱ्या वेळी ४,००० रुपये, कैदेची तरतूद इथेही आहे. जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. हे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आकडे. तडजोडीची, म्हणजे कोर्टात न जाता भरायची रक्कम राज्यागणिक बदलते.

एनपी आहे, मग परराज्यात लोकल भाडं मारता येतं का?

नाही. सांगलीहून हळद घेऊन इंदूरला गेलात, तर इंदूरहून पुण्याचा माल भरता येतो, अहमदाबादचाही भरता येतो. पण इंदूरला भरून भोपाळला उतरवता येत नाही. दुसऱ्या राज्यातल्या दोन ठिकाणांमधली वाहतूक त्या राज्यातल्या गाड्यांची. परतीचं भाडं मिळेना म्हणून माणूस मोहात पडतो, तीन दिवस गाडी उभी ठेवणं कुणालाच परवडत नाही. तरी ही अट मोडू नका. बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) आणि ई-वे बिलावर दोन्ही गावांची नावं असतात, लपवायला जागाच नाही.

फी भरली की टोल, प्रवेश शुल्क यातून सुटका होते का?

टोल वेगळा, तो फास्टॅगमधून जाणारच. दिल्लीत शिरणाऱ्या मालवाहू गाड्यांना २०१५ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पर्यावरण भरपाई शुल्क आहे, तेही वेगळं. कांदा, केळी, द्राक्षं घेऊन आझादपूर मंडीला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ आणि त्याखालच्या मालवाहू गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेश नाही. भाडं घेण्याआधी आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) बीएस कोणतं आहे ते बघा.

गाडी किती जुनी होईपर्यंत एनपी मिळतं?

साधी गाडी, म्हणजे दोन आसांची, पहिल्या नोंदणीपासून १२ वर्षं. मल्टी-अ‍ॅक्सल १५ वर्षं. त्या दिवशी ऑथोरायझेशनची मुदत बाकी असली तरी नॅशनल परमिट आपोआप बाद होतं. जुनी गाडी विकत घेताना हे हमखास विसरलं जातं. साडेदहा वर्षांची दोन आसांची गाडी ‘एनपीसकट’ घेतली, तर परराज्यातलं दीडच वर्ष हातात आहे, आणि किंमत त्या हिशोबाने लावायला हवी. त्यानंतर राज्याच्या परवान्यावर ती महाराष्ट्रात चालू शकते.

माझी गाडी छोटी आहे. मलाही हे सगळं लागतं का?

भारासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परवान्याची गरज नाही. विमा, पासिंग, पीयूसी, कर हे मात्र लागतंच. बॅटरीवर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांनाही ऑक्टोबर २०१८ पासून परवान्यातून सूट आहे.

वर्षातून एक-दोनच खेपा बाहेर होतात. तरी पूर्ण वर्षाचे पैसे भरायचे?

गरज नाही. राज्याच्या परवान्यावर गाडी ठेवून त्या खेपेपुरता तात्पुरता परवाना काढता येतो. कलम ८७ खाली तो जास्तीत जास्त चार महिन्यांचा असतो. ज्या राज्यात जायचं तिथला कर वेगळा भरावा लागेल. सावंतवाडीची गाडी आंब्याच्या दिवसांत चार वेळा गोव्यात जाते, तिला हा मार्ग परवडेल. महिन्याला दोन खेपा असतील तर सरळ एनपी घ्या.

मी दुसऱ्यांच्याही गाड्या लावतो, बुकिंग घेतो. मला वेगळी नोंदणी लागते का?

हो. लोकांचा माल गोळा करणं, साठवणं, पुढे पाठवणं, वाटणं हा धंदा असेल, तर २००७ चा रस्ता वाहतूक कायदा लागू होतो. त्याचे नियम २०११ चे. ‘कॉमन कॅरिअर’ म्हणून नोंदणी करावी लागते, ती दहा वर्षं चालते. या कायद्याखाली विवरणपत्रंही द्यावी लागतात. ही नोंदणी व्यवसायाची आहे, गाडीची नव्हे. स्वतःची एक गाडी दुसऱ्याच्या बुकिंगवर चालवणाऱ्याला ती लागत नाही.

गाडी चार महिने उभी आहे. कर माफ होतो का?

होतो, पण आधी कळवलं असेल तरच. गाडी वापरात नसल्याची सूचना, म्हणजे आपण म्हणतो ते ‘नॉन-यूज’, गाडी उभी करतानाच आरटीओला द्यायची आणि गाडी कुठे उभी आहे तेही लिहायचं. इंजिनाचं काम निघालं, गाडी गॅरेजला लावली आणि चार महिन्यांनी जाऊन सांगितलं, तर कुणी ऐकत नाही. ऑथोरायझेशनचं वर्ष मात्र त्या काळातही सरत राहतं.

दोन ड्रायव्हरची अट अजून आहे का?

२०१८ च्या दुरुस्तीत ती काढली. तरी इंदूरच्या पुढच्या खेपेला आम्ही दोनच पाठवतो. रात्री दोन ते पाच या वेळेत एकटा माणूस किती ताणेल?

कागद मोबाइलमध्ये दाखवले तर चालतात का?

डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद कायद्याने ग्राह्य आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो त्यात येत नाही. घाटात रेंज नसते, म्हणून नमुना ४७ ची छापील प्रत गाडीत ठेवाच.

एजंटकडे दिलं तर काय बिघडतं?

काम द्यायला हरकत नाही. आम्हीही देतो, प्रत्येक गोष्टीला आपण जाऊ शकत नाही. पण तीन गोष्टी आपल्याकडेच ठेवा: ओटीपी येणारा मोबाइल नंबर, सरकारी पावतीची मूळ प्रत आणि तारखांची यादी. पावतीवरची रक्कम आणि एजंटने घेतलेली रक्कम यांतला फरक हा त्याचा मेहनताना, तो आधी विचारून घ्या.

वडील वारले. गाडी त्यांच्या नावावर आहे. आता ती चालवायची की उभी करायची?

हा फोन आला की मी आधी दोन मिनिटं गप्प बसतो. घरात दहावं व्हायचं असतं, आणि बाहेर गाडीचा हप्ता थांबत नाही.

कलम ८२ मध्ये यासाठी वाट आहे. गाडी ज्याच्या ताब्यात आली तो वारस त्याच परवान्यावर तीन महिने गाडी चालवू शकतो. अट एकच, मृत्यूपासून ३० दिवसांच्या आत आरटीओला लेखी कळवायचं, मृत्यू झाल्याचं आणि गाडी आपण चालवणार असल्याचं. साध्या कागदावर अर्ज लिहा, मृत्यूचा दाखला जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ती प्रत गाडीत ठेवा. मग तीन महिन्यांच्या आत परवाना आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज द्यायचा. आरसीवरचं नाव बदलणं हे वेगळं काम, आणि गाडीवर बँकेचा बोजा असेल तर त्यांची ना-हरकत लागते. विमा कंपनीलाही त्याच आठवड्यात कळवा.

बहुतेक घरांत हे ३० दिवस सुतकात आणि नातेवाइकांच्या ये-जा मध्ये निघून जातात. अर्ज कुणीही घेऊन जाऊ शकतं, मुलानेच जायला हवं असं नाही. भाऊ जाऊ दे, जावई जाऊ दे, गाडीवरचा जुना ड्रायव्हर गेला तरी चालेल.